तिची साह्विरा

तेते गेली तेव्हा तिच्या अंत्यविधीत लोकांना हसवायचं काम माझ्याकडे आलं. मी पुण्याची, नवऱ्याच्या नोकरीमागे नेदरलँड्समधल्या डीमनला आलेली. ती झिम्बाब्वेची, माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठी. आमचा संबंध म्हणाल तर एवढाच, की आमची दारं एकाच गॅलरीत उघडायची.

आम्ही त्या इमारतीत राहायला गेलो त्या उन्हाळ्यात मी नुकतेच घरून डबे द्यायला सुरुवात केली होती. एकटी राहणारी आपल्याकडची आयटीतली मुलं डबे न्यायची. एका सकाळी मी कुटासाठी शेंगदाणे भाजत होते. स्वयंपाकघराची खिडकी गॅलरीत उघडते, आणि ती उघडीच होती. दार वाजलं. बाहेर एक उंच, अंगाने भरलेली बाई उभी होती, अंगात वृद्धाश्रमातल्या नर्सचा निळा डगला.

"कोण भाजतंय?" तिने इंग्रजीत विचारलं.

मला वाटलं, वासाची तक्रार घेऊन आली. मी माफी मागायला लागले, तर म्हणाली, "माफी कसली मागतेस, मूठभर दे. वीस वर्षांत या देशात कुणाच्या घरातून हा वास आला नव्हता."

मी वाटीत दाणे घालून आणले. तिने आधी दोन्ही हातांची ओंजळीसारखी पोकळी करून हळूच टाळ्या वाजवल्या, मग दोन्ही हातांनी वाटी घेतली. एका हाताने घेणं त्यांच्यात उद्धटपणाचं समजतात, हे तिने मला नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवशी वाटी परत आली ती भरून. पालेभाजी होती, शेंगदाण्याचं वाटण घालून शिजवलेली. मी चव घेतली आणि आईला फोन लावला. आमच्या पालकाच्या पातळ भाजीत आणि हिच्यात फरक फक्त चिंच-गुळाचा होता.

तिला हाक काय मारायची हे मी विचारलं तेव्हा म्हणाली, "तेते म्हण." तेते म्हणजे आत्या. त्यांच्याकडे लग्न ठरलेल्या मुलीला चार गोष्टी सांगायचा मान आत्याचा असतो, आईचा नाही. माझं लग्न होऊन दहा वर्षं झाली होती, तरी तिने त्या चार गोष्टी मला सांगितल्याच. आत्या म्हटल्यावर मीही अगंतुगंवर आले.

नवऱ्यापासून ती कधीच वेगळी झाली होती. एकुलता एक मुलगा इंग्लंडमध्ये होता. ती वृद्धाश्रमात पडून असलेल्या म्हाताऱ्यांची सेवा करायची आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात बसून गावाबद्दल बोलायची. तिचं गाव मास्विंगोजवळ. तिथून थोड्याच अंतरावर जुन्या राजधानीच्या भिंती उभ्या आहेत. चुना नाही, माती नाही, दगडावर नुसता दगड बसवलेला. देशाचं नावच त्यावरून पडलं, दगडी घरं. "गोरे लोक म्हणायचे, हे कुणीतरी बाहेरून येऊन बांधलं असणार," ती सांगायची. "माझा आजा म्हणायचा, बाहेरून आलेल्या माणसाला इतका वेळ कुठला?"

त्यांच्या देशातल्या मोठ्या धबधब्याचं नाव मी शाळेत व्हिक्टोरिया असं शिकले होते. ती ते नाव घेत नसे. मोसी-ओआ-तुन्या म्हणायची, म्हणजे गडगडणारा धूर. "त्या राणीने तो पाहिलासुद्धा नाही," म्हणायची. ती स्वतः नर्स झाल्यावर मैत्रिणींबरोबर पहिल्यांदा तिथे गेली. तिथे पाऊस खालून वर येतो, छत्रीचा काही उपयोग नसतो, आणि नखशिखान्त भिजलेली माणसं एकमेकांकडे बघून विनाकारण हसत असतात. म्हणून आमच्या लिफ्टमध्ये कुणी डच शेजारी पावसाबद्दल कुरकुरायला लागला, की ती त्याला म्हणायची, "हे पाणी? हे तर देव शिंकला."

एका शरदात खालच्या रस्त्यावरची झाडं लाल झाली होती. मी कौतुकाने दाखवली, तर तिने मान हलवली. त्यांच्या मुसासा झाडाची पानं लाल होतात ती जन्मताना, मरताना नव्हे. पाऊस यायच्या आधी सगळे डोंगर तांबडे होतात आणि मग हळूहळू हिरवे. मी म्हटलं, "आमच्याकडे कुसुंबाची पालवी तशीच येते." तिला फार बरं वाटलं. कुसुंब हा शब्द तिने दोन-तीनदा म्हणून बघितला.

एकदा गावाहून आलेल्या कुणीतरी तिला मदोरा आणून दिले. मदोरा म्हणजे मोपाने झाडावरचे सुरवंट, वाळवलेले. ती ते तळून ताटलीत घेऊन आली. मी म्हटलं, आज सोमवार आहे. माझ्या नवऱ्याने एक खाल्ला आणि चांगला आहे म्हणाला. पुढच्या दिवशी ती परत आली, मी म्हटलं मंगळवार. नंतर गुरुवार काढला, मग चतुर्थी. शेवटी ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुमच्या आठवड्यात माणसांनी जेवायचा वार कोणता?"

येत्या ऑगस्टमध्ये आपण सगळे मिळून तिच्या गावी जायचं, असं एका जानेवारीत ठरलं. तेव्हा तिथे हवा कोरडी असते आणि पाणवठ्यांवर हत्ती येतात. माझी मुलगी आठ वर्षांची होती. तिने शाळेत सगळ्यांना सांगूनही टाकलं. मार्चमध्ये साथ आली आणि सगळं बंद झालं.

डबे बंद पडले. मुलं मिळेल त्या विमानाने घरी गेली, राहिलेली स्वतःच्या खोलीत नूडल्स उकळायला लागली. नवरा जेवणाच्या टेबलावरून काम करू लागला. तेते मात्र रोज कामावर जात होती. संध्याकाळी ती आपल्या दारात खुर्ची टाकून बसायची, मी माझ्या दारात. मध्ये गॅलरीचा तुकडा. तिकडे काय चाललंय ते ती फार सांगत नसे. एकदाच म्हणाली, "खिडकीबाहेर मुलं उभी असतात आणि आत आई मरत असते. मी त्या आईचा हात हातात घेऊन तिच्या कानात गाते. डच गाणं येत नाही मला. मी आमचंच गाते. कुणी तक्रार केली नाही."

त्याच उन्हाळ्यात गावी तिचा चुलतभाऊ गेला. तिने ते फोनवर पाहिलं. पांढऱ्या कपड्यांतली माणसं आली, पेटी खाली सोडली, माती लोटली आणि गेली. त्या संध्याकाळी ती दारात येऊन बसली तेव्हा रडत नव्हती, संतापलेली होती.

"साह्विरा नव्हता," ती म्हणाली. "माझ्या भावाला साह्विराशिवाय पुरलं."

तेव्हा मला तो शब्द कळला. साह्विरा म्हणजे मित्र, पण नुसता मित्र नव्हे. दोन कुळांमधली मैत्री असते ती, बापाकडून मुलाकडे जाते. घरात कुणी गेलं की साह्विरा येतो, गेलेल्याचे कपडे अंगात घालतो, त्याच्यासारखा चालतो, बोलतो, त्याच्या सवयींची थट्टा करतो. रडणाऱ्या घराला तो हसवतो. बाकी कुणी असं केलं तर मार खाईल, पण त्याला अधिकार असतो. घरच्यांना जे तोंडाने म्हणता येत नाही ते तो म्हणतो.

"तो कुळाबाहेरचा लागतो," ती म्हणाली. "आमच्या प्रत्येक कुळाला एक प्राणी असतो. आमचं मोठं हरीण. आम्ही ते खात नाही, आणि हरणाच्या कुळात लग्न करत नाही. आमच्या कुळातल्या बायका कुणाचं ऐकत नाहीत अशी ख्याती आहे."

मी म्हटलं, "आमच्यात देवक असतं. आमचं कळंब. आम्ही ते झाड तोडत नाही, आणि एक देवक असलं तर सोयरीक होत नाही."

ती खुर्चीत पुढे झुकली. "तू कळंबाची. मी हरणाची. झालं तर मग. तू माझी साह्विरा."

"आधी कोण जाणार कुणाला माहीत," मी म्हटलं.

"मी. मी मोठी आहे. रांगेला शिस्त हवी."

आम्ही दोघी हसलो आणि मी भाजी बघायला आत गेले.

हिवाळ्यात तिच्या वृद्धाश्रमात परत साथ शिरली. नाताळनंतर ती घरीच थांबली. मी दाराशी डबा ठेवायचे, बेल वाजवून मागे सरायचे. डबा आत जायचा. मग डबा तसाच बाहेर राहायला लागला. एका दुपारी अँब्युलन्स आली. ती स्वतःच्या पायांनी बाहेर आली, दोन्हीकडून दोघांनी धरलेलं, आणि त्या अवस्थेतही त्यांना डचमध्ये बजावत होती, "सावकाश, पोरांनो, मी कपाट नाही." लिफ्टपाशी तिने मागे वळून पाहिलं. तोंडावर मास्क होता, डोळे तेवढे दिसले. मी हात हलवला. लिफ्टचं दार बंद झालं.

दवाखान्यातून ती आधी फोन करत होती, मग नुसते निरोप यायला लागले, मग तेही थांबले. ती गेल्याचं तिच्या मुलाने इंग्लंडहून कळवलं. इंग्लंडहून येणारी विमानं तेव्हा बंद होती. तिच्या देशातही साथ जोरात होती, तिकडे तिला नेण्याचा प्रश्नच नव्हता. इथे कायद्याने आठवड्याभरात माती द्यावी लागते. मुलगा फोनवर एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होता, "मला येता येत नाही. तुम्हाला कळतंय ना, मला येता येत नाही."

संध्याकाळी तिच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. ती गावी राहायची, शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. इंग्रजी अगदी घडीव.

"ती कळंबाची मुलगी तूच का?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं.

"माझ्या बहिणीने सांगितलं होतं, तिकडे मला साह्विरा मिळाली आहे. तर मग तुला हे करावं लागेल."

मी म्हटलं, "मला तुमची रीत माहीत नाही. माझ्याकडून काही चुकलं तर?"

"चुकलं तरी लोक हसतीलच," ती म्हणाली. "तिचे कपडे घाल. तिच्यासारखी चाल. तिला रागव. आम्ही फोनवरून बघू."

नवऱ्याला सांगितलं तर त्याने लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, "अगं, मयताला हसवायचं? तिथे डच लोक असतील, त्यांना काय वाटेल?" मला स्वतःलाच काय वाटतंय ते कळत नव्हतं. आईला विचारलं. आई म्हणाली, "तिच्या माणसांनी सांगितलंय ना? मग लाज कसली. शेवटचं काम आहे, नाही म्हणू नये."

तिच्या घराची किल्ली माझ्याकडे होती. मी आत गेले तेव्हा ओट्यावर शेंगदाण्याची बरणी उघडी होती. खुंटीवरचा पिवळा रेनकोट आणि लाल लोकरी टोपी घेतली. रेनकोट मला घोट्यापर्यंत आला. आरशात बघून मला रडू फुटलं आणि मी तिथेच तिच्या पलंगावर बसून राहिले.

दफनभूमीलगतच्या हॉलमध्ये खुर्च्या दूरदूर मांडल्या होत्या. गायची परवानगी नव्हती. वृद्धाश्रमातल्या तिच्या सहकारी आल्या होत्या, रॉटरडॅमहून चार-पाच झिम्बाब्वेची माणसं, मागे माझा नवरा. पुढे टेबलावर लॅपटॉप. त्यात एका चौकटीत मुलगा, दुसऱ्या चौकटीत थोरली बहीण आणि तिच्या मागे दाटीवाटीने घरची माणसं. रॉटरडॅमच्या एका वयस्क गृहस्थांनी प्रार्थना म्हटली आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

मी उठले. पिवळा डगला, लाल टोपी. मुलगा लॅपटॉपमधून म्हणाला, "आईचा डगला..." आणि त्याची चौकट गोठली. मी थांबले. तो परत आलाच नाही. बहीण म्हणाली, "चालू दे."

मी पेटीसमोरून चालायला लागले. एक हात कमरेवर, पिशवी खांद्याला, तिच्या थाटात. वळून म्हणाले, "हे पाणी? हे तर देव शिंकला." कुणी हसलं नाही. दोन डच बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मी पिशवी सावरून परत चालायला लागले.

तेवढ्यात लॅपटॉपमधून बहिणीचा आवाज आला, शाळेत देतात तसा. "ती तशी चालत नाही. ती डावा पाय ओढते. लहानपणी आंब्यावरून पडली होती."

मी डावा पाय ओढून चालले. पलीकडे, हजारो मैलांवर, कुणीतरी खुदकन हसलं. मग आणखी कुणीतरी. मला धीर आला. मी तिची ती ताटली हातात असल्यासारखी धरली, मदोरा पुढे केले, मग माझीच नक्कल केली, सोमवार, मंगळवार, चतुर्थी, आणि कमरेवर हात ठेवून विचारलं, "तुमच्या आठवड्यात माणसांनी जेवायचा वार कोणता?" आता रॉटरडॅमची माणसं हसत होती, मास्कच्या आड, खांदे हलवत. मी पेटीजवळ गेले आणि तिला रागावले. "सुट्टी कुणी दिली तुला? शनिवारी ड्यूटी आहे, कोण जाणार? मला जमणार नाही."

तेव्हा तिची एक पांढऱ्या केसांची सहकारी आपणहून उठली. कुणी सांगितलं नव्हतं. कमरेवर हात ठेवून तिने डचमध्ये हुबेहूब तेतेचा आवाज काढला. न जेवणाऱ्या म्हाताऱ्यांना तेते काय म्हणायची ते. "मी नदीवरून डोक्यावर पाणी आणलंय, आणि तुम्हाला चमचा उचलवत नाही?" सगळे हसले. ती बाई हसत होती, मग तिला हुंदका आला आणि ती खाली बसली. लॅपटॉपमधली थोरली बहीण मोठ्याने रडायला लागली. तिच्या मागची माणसंही. मी डगल्यातच उभी होते. मला काय करायचं ते सुचेना, तेव्हा ते रॉटरडॅमचे गृहस्थ उठून माझ्यापासून चार पावलांवर येऊन उभे राहिले आणि त्यांनी ओंजळीच्या टाळ्या वाजवल्या.

बाहेर भुरभुर पाऊस होता. माती काळी आणि जड, बुटांना चिकटत होती. पेटी यंत्राने खाली गेली. मी फोन खड्ड्यावर धरला होता. बहीण म्हणाली, "तिला सांग, ही जागा कायमची नाही. आम्ही न्यायला येऊ." मला इंग्रजी आठवेना. मी मराठीतच म्हटलं, "तेते, इथे थोडे दिवस राहा गं. तुझी माणसं न्यायला येणार आहेत." मूठभर माती टाकली. हात धुवायला जवळपास नळ नव्हता.

त्यानंतरचे दिवस मला नीट सांगता येत नाहीत. ती माझी कुणी नव्हती, त्यामुळे कुणी मला भेटायला आलं नाही, आणि तेव्हा भेटायला जायची पद्धतही उरली नव्हती. आई म्हणाली, "मन म्हणेल तोवर गोडधोड करू नकोस." मी खूप दिवस केलं नाही. तिचं घर रिकामं करायला माणसं आली. आता तिथे एक तरुण जोडपं राहतं, ते खिडकी बंदच ठेवतात. वसंतात पुण्याहून एकामागून एक बातम्या येऊ लागल्या. माझे मामा गेले. मामेभावाने फोनवर स्मशानाचं बंद फाटक दाखवलं, आत कुणालाच सोडत नव्हते. मामांची नक्कल मला लहानपणापासून येत होती, त्यांचं खाकरणं, पानाचा डबा शोधणं. आमच्यात ती कुणी मागितली नाही. मी ती कुणाला करून दाखवलीही नाही.

पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात वाटा खुल्या झाल्या आणि तेतेचा मुलगा आला. कबरीवरची माती त्याला गावी न्यायची होती. तिथे तिच्या नावाने विधी होणार होता, गेलेल्या माणसाला घरी परत आणण्याचा. मी त्याला दफनभूमीत घेऊन गेले. उंच, अबोल माणूस, चालण्यात आईची काहीच खूण नाही. त्याने माती कापडात बांधली.

मग म्हणाला, "त्या दिवशी माझा फोन तुटला. मावशी म्हणते, तू आईला उभं केलंस. मी पाहिलं नाही. एकदा करशील?"

मी इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. कमरेवर हात ठेवला, डावा पाय ओढून चार पावलं चालले, तोंड उघडलं आणि आवाज आला तो माझा. मी परत प्रयत्न केला. शब्द सगळे आठवत होते. आवाज नव्हता. दीड वर्षात तो कुठे गेला ते कळलंच नाही.

"राहू दे," तो म्हणाला.

"मला येत होतं," मी म्हटलं. "खरंच येत होतं."

"हो, मावशी सांगते ना." त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. आई त्याची गेली होती आणि समजूत तो माझी काढत होता.

तो आमच्याकडे जेवला. पालकाची पातळ भाजी मी मुद्दाम केली नव्हती, पण डबे पुन्हा सुरू झाले होते, त्यात कुणीतरी मागितली म्हणून होती. त्याने ती दोनदा घेतली. संध्याकाळच्या गाडीने तो गेला.

गावच्या विधीला तेतेच्या बहिणीने मला बोलावलं होतं. त्या दिवसांत मुलीची शाळा होती, नवऱ्याची नोकरी बदलत होती, आम्ही रॉटरडॅमला घर शोधत होतो. मी गेले नाही. बहीण अजून फोन करते. साह्विराचं नातं पिढ्यान्‌पिढ्या चालतं, असं ती माझ्या मुलीला समजावते. मुलगी तिच्याशी इंग्रजीत बोलते आणि मध्येच मला डचमध्ये विचारते, आपण खरंच जाणार आहोत का. मी हो म्हणते. त्या भिंती, ते तांबडे डोंगर, तो धूर, यातलं काहीच मी अजून पाहिलेलं नाही.